जमनाबाईचं तूप आणि मी दिलेला डबा

मी तापट आहे, हे घाटंजीत सगळ्यांना ठाऊक आहे. भाजीवाल्यापासून पोस्टमास्तरापर्यंत कुणाशीही तोंड वाजवायला मी कधी कमी केलं नाही. म्हणून तर ही गोष्ट मला जास्त लागते. जिथं बोलायचं होतं, नेमकी तिथंच मी मूग गिळून उभी राहिले.

मी पुसदची. सत्तावन्न साली लग्न होऊन घाटंजीला आले. आमचे हे कचेरीत कारकून. पहिल्याच बाजाराच्या दिवशी सासूबाईंनी मला नेऊन थेट जमनाबाईपुढं उभं केलं. जमनाबाई लमाणांच्या तांड्यावरची, पन्नाशीची, आरशांचा घागरा, दंडापर्यंत बांगड्या आणि पुढ्यात धुरानं काळं झालेलं मडकं. तिचे वाडवडील बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घालायचे. आगगाडी आली, तो धंदा बसला आणि तांड्यानं दोन कोसांवर कायमची वस्ती करून नांगर धरला. गाई मात्र राहिल्या. त्या गाईंच्या तुपावर जमनाबाईनं बाजारात नाव कमावलं होतं.

तिची विकायची तऱ्हाच निराळी. स्वतःच्या तुपाला ती कधी चांगलं म्हणायची नाही. गिऱ्हाइकाच्या मनगटावर बोटभर तूप चोळायची आणि म्हणायची, जाय, बाजार फिरून ये. मिरच्या-कांदे घेऊन, घामाघूम होऊन परत यायचं, मनगट हुंगायचं, वास टिकला असेल तर तूप घ्यायचं. तेवढ्या वेळात गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं तर, असं मी विचारलं. गेलं त गेलं, म्हणाली. मला वाटलं, काय बाई आहे, हिला धंदा कळतो की नाही! पण अर्ध्या तासानं माझं मनगट असं घमघमत होतं की सासूबाईंच्या आधी मीच शेरभर मोजायला सांगितलं.

साठ साली हिवाळ्यात कंपनीची जीप आली. कंपनी मूळची सातासमुद्रापलीकडची, असं ह्यांनी पेपरात वाचून सांगितलं. जीपवर भोंगा. भर बाजारात कढई चढवून वनस्पती तुपात पुऱ्या तळल्या आणि फुकट वाटल्या. मीही दोन खाल्ल्या, खोटं कशाला बोलू! डबा तर इतका देखणा, झाकण पक्कं, वर हसरं कुटुंब. नंदकिशोरशेठच्या दुकानात डब्यांची उतरंड लागली. गाईच्या तुपापेक्षा स्वस्त, वर शिळं होण्याची भीती नाही. पुढच्याच आठवड्यात एक डबा आमच्या फळीवर आला. मला कोण अभिमान! आपण नव्या जमान्याचे झालो, असं काहीतरी वाटलं असावं.

त्या जीपवाल्याला कुणी म्हटलं नाही की थांब बाबा, आधी हातावर चोळ, आम्ही फिरून येतो. चित्र बघितलं, पुरी खाल्ली, विश्वास बसला. त्यात आम्हाला कुणी बळजबरी केली नव्हती, ज्यानं त्यानं आपल्या मनानंच घेतलं. एवढी मोठी कंपनी, पण आम्ही तिला एक प्रश्न विचारला नाही.

जमनाबाईचं गिऱ्हाईक पातळ झालं. तिचं मडकं अर्धं भरलेलंच परत जाऊ लागलं. मला तिची दया आली, आणि दया आली की मला उपदेशाची खोड! मी तिला ऐकवलं, अगं, लोकांना आता स्वच्छ डबा लागतो, काळ्या मडक्यातलं कोण घेईल? एवढ्यावर थांबले नाही. आमचा रिकामा डबा राखेनं लख्ख घासला आणि तिच्या हातात दिला. तिला अक्षरओळख नाही. डब्यावर काय छापलंय ते तिला कळलं नाही आणि ते काढायला हवं, हे मला शहाणीला सुचलं नाही.

पुढच्या बाजारी ती त्या डब्यात तूप घेऊन बसली. पहिल्याच बाईनं डबा पाहिला आणि बोभाटा केला, ही लमाणीण वनस्पती मिसळून विकते! नंदकिशोरशेठ गादीवरून हसत म्हणाला की डबा तर आमच्याच दुकानचा दिसते. बघता बघता माणसं जमली.

जमनाबाई शांतपणे म्हणाली, "हात पुढं करा. फिरून या."

एकही हात पुढं आला नाही.

मी दहा पावलांवर होते. डबा माझा आहे, मीच दिलाय, एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्यासोबत साहेबांच्या मंडळी होत्या. ह्यांच्या साहेबांची बायको! कारकुनाची बायको तांड्यावरच्या बाईला जुने डबे वाटते, हे त्यांच्या कानी जायला नको म्हणून मी गप्प राहिले. एवढं क्षुल्लक कारण, मला अजून सांगताना लाज वाटते. जमनाबाईनं माझ्याकडं पाहिलं. माझं नाव घेतलं असतं तर ती तिथल्या तिथं सुटली असती. तिनं घेतलं नाही. झाकण लावलं, डबा डोक्यावर ठेवला आणि निघून गेली.

तीन बाजार ती आली नाही. चौथ्या आठवड्यात मीच बैलगाडीनं तांड्यावर गेले. तिनं बाजेवर बसवलं, पाणी दिलं, चहाला आधण ठेवलं. मी रडले. म्हटलं, चुकले गं. येत्या बाजारी चौकात उभी राहून सगळ्यांना सांगते, साहेबांच्या मंडळींसमोर सांगते, पण तू तूप घेऊन ये.

"मले तुह्यावर राग नाई, कुंदाबाई," ती म्हणाली. "तू सांगशीन, चार बाया आयकतीन. मंग?"

मंग काय, म्हटलं, मग सगळे परत तुझ्याकडं येतील.

तिनं चुलीत काटकी सरकवली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिनं विचारलं, "एक सांग. आज तुह्या घरी कोनतं तूप हाये?"

थाप मारणं सोपं होतं. पण त्या बाईपुढं जीभ रेटेना.

"डब्यातलं," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि चहा गाळून माझ्या पुढ्यात ठेवला. दोन गाई विकायला काढल्यात, कापसाच्या जीनमध्ये सरकी उचलायचं काम मिळतंय, असं मग तिनं सहज सांगितलं.