रोहनचे तेवीस युरो

या मुलाचं जगात कसं होणार, ही काळजी काही केल्या मनातून जात नाही. मुलगा वाया गेला असता तर चारचौघींत रडता तरी आलं असतं. माझा रोहन एकोणीस वर्षांचा आहे आणि रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल सिग्नलला उभा राहतो. इथे जर्मनीत, र्युसेल्सहाइममध्ये वाढला. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देतो. इथे ते मीच मराठीत लिहिते आहे.

यंदाच्या फुटबॉल वर्ल्डकपात मित्रांच्या नादाने त्याने इंटरनेटवर दहा युरोंची पैज लावली. जिंकला. तेवीस युरो मिळायचे होते. कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये दशांशचिन्ह घसरलं आणि खात्यात तेवीसशे आले.

दुसऱ्या कुणी पार्टी दिली असती. रोहनने कंपनीला ईमेल केली की तुमची चूक झाली आहे, पैसे परत घ्या. उत्तरात त्याचं अभिनंदन आलं. मग त्याने हिशोब मांडून पुन्हा लिहिलं, तर त्यांनी त्याला ‘गोल्ड’ ग्राहक केलं आणि घरी टोपी पाठवली.

“अरे, लक्ष्मी आपल्या पायांनी चालत आली,” हे म्हणाले. हे कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासतात. स्वतःला ब्रेक नाही.

“पपा, ती चुकीच्या घरी आली आहे. तिचा पत्ता मला माहीत आहे.”

पुढच्याच रविवारी मराठी मंडळाच्या बैठकीत गणपतीच्या हॉलचं भाडं कोण देणार, असा विषय निघाला. सगळे चहाच्या कपात बघायला लागले. तेवढ्यात हे उठून म्हणाले, “यंदाचा हॉल आमच्या रोहनकडून.” टाळ्या पडल्या. खजिनदार शोभनाताईंनी लगेच निमंत्रणपत्रिकेसाठी त्याचं नाव लिहून घेतलं.

“अहो, ते पैसे आपले नाहीत,” मी गाडीत म्हटलं.

“दोनदा विचारलं ना त्यांना? तिसऱ्यांदा विचारलं तर अपमान होतो.”

आज कंपनी जागी झाली. जास्तीचे पैसे काढून घेतले, तेवीस युरो ठेवले, टोपी राहू दे म्हणाले. रोहन किती दिवसांनी पोटभर जेवला. मग मला राहवेना, म्हणून त्याला हॉलचं सांगितलं. तोवर त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

तो खोलीत गेला आणि पाकीट घेऊन आला. ड्रायव्हिंग लायसन्सचे पैसे. वर्षभर शनिवारी सुपरमार्केटात खोकी उचलून साठवलेले.

“पपांनी शब्द दिलाय ना? गेनाऊ, अगदी बरोबर. मग द्यायलाच हवेत. लायसन्स पुढच्या वर्षी काढीन.”

यांनी पाकिटाला हात लावला नाही, पण नकोही म्हणाले नाहीत. तो झोपायला गेल्यावर मला म्हणाले, “शब्द मागे कसा घेऊ गं? मंडळात तोंड कसं दाखवू?”

“तोंड तुमचं, आणि लायसन्स त्याचं?”

त्यावर हे झोपायला गेले. घोरतही आहेत.

सकाळी पत्रिका छापायला जाणार. जर्मनीत रात्री दहानंतर कुणाला फोन करत नाहीत. रोहनला कळलं तर तो मलाच नियम सांगेल. शोभनाताईंना एकदा सांगितलं की नाश्त्यापर्यंत फ्रँकफर्टपर्यंत पोचतं. पोचू दे, मला घरोघर फोन करायला नकोत. भाडं सगळे मिळून वाटून घेऊ म्हणावं, आणि रोहनच्या नावावर तेवीस युरो लिहा. तेवढे खरोखर त्याचे आहेत.

पाकीट त्याच्या दप्तरात परत ठेवलं आहे. स्वयंपाकघराचं दार लावून घेते आणि शोभनाताईंना फोन लावते.