मिशीवाले आपा

पडदा उघडायच्या आधी गाण्याची पहिली ओळ पडद्यामागून यायची. आवाज बाईचा, कोवळा आणि जरासा लाडिक. समोर बसलेली माणसं माना उंच करून बघायची, मागचे खुर्च्यांवर उभे राहायचे. मग पडदा सरकायचा आणि माइकसमोर दिसायचा उंचापुरा, पैलवानी खांद्यांचा, जाड मिशीचा माणूस. क्षणभर कुणाला काही सुचायचंच नाही. मग हशा, शिट्ट्या, आरडाओरडा. त्या सगळ्या गलक्यात त्यांचा सूर तसूभरही हलायचा नाही. दुसरं कडवं येईपर्यंत हसणं विरलेलं असायचं आणि गाणं संपता संपता समोर मिशीवाला माणूस उभा आहे, हे लोक विसरून गेलेले असायचे.

त्यांचं नाव युसूफभाई. ऑर्केस्ट्रातले सगळे त्यांना आपा म्हणायचे. आपा म्हणजे मोठी बहीण. कुणीतरी चिडवायला ठेवलेलं हे नाव त्यांनी इतकं सहज अंगाला लावून घेतलं, की शहागंजातल्या त्यांच्या रिक्षा दुरुस्तीच्या गॅरेजवरही गिऱ्हाइकं ‘आपा है क्या?’ असं विचारत यायची. तेव्हा आमच्या शहरात कुठल्याही घरातली मुलगी ऑर्केस्ट्रात गायला तयार नसायची. उरूस, गणपती, लग्नाची हळद, कार्यक्रम तर सगळीकडे असायचे. मग बाईची गाणी आपाच गायचे.

आणि गाणी सगळी एकीचीच. हिंदी सिनेमात हरतऱ्हेचं गाणं गायलेली ती गायिका. आपांनी तिचं नाव कधी घेतलं नाही, ते तिला ‘बाईसाहेब’ म्हणायचे. क्लबमधलं नाचाचं गाणं तिचं, अंगाई तिची, गझल तिची, भजनही तिचंच. आपा म्हणायचे, “बाकी लोग गाना गाते. बाईसाहेब हर गाने में दूसरी औरत बन जाती.” हे बोलताना त्यांचे हात ग्रीसनं काळे झालेले असायचे आणि पान्हा हवेतच थांबलेला असायचा.

मी त्यांना पहिल्यांदा जवळून पाहिलं ते आमच्या घरात. आमचे वडील, म्हणजे दादा, भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचे आणि जयंतीच्या दिवसांत मी त्यांच्यासोबत गायचे. अशाच एका कार्यक्रमात आपांनी मला ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते बायकोला, जुबेदाभाभींना, घेऊन दारात हजर. पोरगी ऑर्केस्ट्रात द्या म्हणाले. आईनं पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. लोक काय म्हणतील हे दादांनी विचारलं नाही, कारण ते त्यांना ठाऊकच होतं. त्यांनी वेगळंच विचारलं.

“पोरगी गायला लागली, तर मग तुम्ही काय करणार?”

आपा म्हणाले, “मी रिक्षा चालवीन, दादा. पोरीला न्यायला-आणायला कुणी तरी लागंलच ना.”

ते सहज बोलल्यासारखं वाटलं आणि दादांनी होकार दिला. त्यामागचं खरं काय ते मला पुढच्या आठवड्यात रिक्षातच जुबेदाभाभींनी सांगितलं. त्यांची थोरली मुलगी नसरीन, तिचं जालन्याला जमत आलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं. पण मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनी एक अट घातली. मुलीचा बाप स्टेजवर उभा राहून बाईच्या आवाजात गातो, हे आमच्याकडं चालणार नाही. आपांनी तिथल्या तिथं शब्द दिला, चहासुद्धा संपायच्या आधी. मात्र घरी परत आल्यावर ते दोन दिवस गॅरेजकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी उठले आणि गाणारी मुलगी शोधायला लागले. भाभी म्हणाल्या, “इनको डर था, बाईसाहेब का गाना इस शहर में बंद हो जाएगा.”

माझी शिकवणी गॅरेजच्या मागच्या खोलीत चालायची. जुने टायर एका भिंतीला, भाभी उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसलेल्या. आपा सूर नंतर सांगायचे. आधी बाई सांगायचे. “ये जो है ना बेटा, इसका मरद सौदी में है. इस ईद को भी नहीं आया. चहा ठेवलाय, पण पिणारी ती एकटीच. आता गा.” एखादी बाई सोयगावच्या बाजारात बांगड्या भरायला आलेली असायची, एखादी दर्ग्याच्या पायरीवर नवस बोलायला. खट्याळ गाण्यातली पोरगी तर त्यांनी आमच्याच कॉलेजात घातली होती, सायकलची घंटी विनाकारण वाजवत जाणारी. क्लबमधल्या गाण्याला मी फार लाजायचे, मान वरच व्हायची नाही. तेव्हा त्यांनी शांतपणे समजावलं, की ही नाचणारी दिवसभर राबून दमलेली आहे आणि ते समोरच्यांना कळू द्यायचं नाही, एवढंच तिचं काम आहे. त्यात लाज कसली? त्या दिवसापासून ते गाणं मला जमायला लागलं.

अंगाई त्यांनी सगळ्यात शेवटी शिकवली. तिच्यासाठी मात्र त्यांनी कुठली बाई सांगितली नाही. नुसती गाऊन दाखवली आणि पान्हे आवरायला उठून गेले.

माझा पहिला कार्यक्रम सोयगावला उरुसात होता. निवेदकानं माझं नाव घेतलं, मी पुढं आले, आणि पहिली ओळ संपायच्या आतच मागून ओरडा सुरू झाला. आपाला बोलवा, आपा पाहिजे. वाजवणारे वाजवत राहिले, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. आपा खाली रिक्षाजवळ उभे होते. ते जिना चढून वर आले, माझ्या हातातला माइक घेतला, आणि मैदान एकदम गप्प झालं. सगळ्यांना वाटलं आता गाणार.

ते त्यांच्या नेहमीच्या, भरड आवाजात बोलले. “मेरा गला रिटायर हो गया. ही माझी पोरगी आहे. हिला ऐका. पसंद नहीं आया तो नीचे आके मुझे बोलना.”

माइक माझ्या हातात देऊन ते खाली उतरले आणि स्टेजच्या पुढ्यात, लहान पोरांच्या घोळक्यात मांडी घालून बसले. मी त्यांच्याकडंच बघत सुरुवात केली. त्यांचे ओठ माझ्यासोबत हलत होते, आवाज न करता, प्रत्येक शब्दाला. गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या. आपांनी टाळी वाजवली नाही. रुमालानं तोंड पुसलं आणि उठून रिक्षाकडं गेले.

नसरीनचं लग्न त्याच हिवाळ्यात झालं. पुढं कित्येक वर्षं मी त्या ऑर्केस्ट्रात गायले आणि आपांनी मला नेलं, आणलं. गरम पाण्याचा थर्मास त्यांच्याकडं, माझी शाल त्यांच्याकडं, आणि माझ्याकडं वाकडं बघणाऱ्याकडं रोखून बघणारे डोळेही त्यांचेच. पण त्यांचं स्वतःचं गाणं बंद म्हणजे बंद. आधी गॅरेजवरून जाताना गुणगुण ऐकू यायची, आता नुसती हातोडी ऐकू यायची. जुनी गिऱ्हाइकं भाभींना विचारायची, आपांची तब्येत बरी नाय का? रेडिओवर बाईसाहेबांचं गाणं लागलं की ते हातातलं काम खाली ठेवायचे आणि गाणं संपेपर्यंत रस्त्याकडं बघत बसायचे.

एकदा मी धीर करून म्हटलं, “आपा, तुम्ही शब्द दिला तो स्टेजपुरता. इथं कोण ऐकतंय? एक ओळ म्हणा ना.”

“मैं सुनता ना, बेटा,” ते म्हणाले. “एक बार चालू हुआ, तो फिर माझं थांबणार नाय.”

त्यानंतर मी कधी आग्रह केला नाही. माझं लग्न झालं, शाळेत संगीत शिक्षिकेची नोकरी लागली, ऑर्केस्ट्रा हळूहळू मोडला. कार्यक्रमांना लोक आता यंत्रावरची धून लावून गायला लागले. आपांचं गॅरेज मुलाच्या हातात गेलं. ईदला मी शीरखुर्मा खायला जायचे, जयंतीला ते दादांकडं यायचे, आणि दादा गेल्यावर माझ्याकडं.

पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांच्या छातीचं दुखणं वाढलं. मी भेटायला गेले तेव्हा ते लोखंडी पलंगावर उशांना टेकून बसलेले होते. अंगाचा पार सांगाडा झाला होता, मिशी तेवढी जागच्या जागी. बोलायला लागले की दम लागायचा. मी हलक्या आवाजात भजन सुरू केलं. त्यांनी हातानं थांबवलं.

“ये नक्को. रोने-धोने का नक्को. क्लबवालं गा.”

भाभींनी कपाळावर हात मारून घेतला. शेजारच्या बायका दारात बसलेल्या, कुणी तसबीहचे मणी ओढतंय, कुणी काढा उकळतंय. त्यांच्यासमोर, पांढऱ्या झालेल्या केसांनी मी ते नाचाचं गाणं गायलं. आपांचं बोट पलंगाच्या कडेवर ताल धरत होतं. मध्ये एका जागी मी घाईनं पुढं सरकले, तर त्यांनी भुवई वर केली. मी मागं येऊन ती ओळ नीट घेतली. ते हसले. त्यानंतर चार दिवसांत ते गेले.

त्यांच्या आवाजाची एकही टेप कुठं नाही. मी खूप शोधलं, जुन्या वादकांकडं विचारलं. तेव्हा कुणाला वाटलंच नव्हतं की हे जपून ठेवावं. मूळ गाणी आता फोनमध्ये हवी तेव्हा सापडतात. मी लावते. छानच असतात. पण दोन ओळी झाल्या की मी दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघायला लागते.

गेल्या वर्षी बाईसाहेबांच्या गाण्यांचा एक कार्यक्रम इथं झाला, संध्याकाळच्या वेळी, आणि जुनी गायिका म्हणून मलाही बोलावलं. कार्यक्रम संपल्यावर एक बाई स्टेजजवळ येऊन उभी राहिली. चेहऱ्याची ठेवण पाहूनच मी ओळखलं. नसरीन. जालन्याहून खास आली होती. आम्ही रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्यांवर बसलो. घरच्या, मुलाबाळांच्या गोष्टी झाल्या. मग ती एकदम म्हणाली, “सब बोलते, अब्बांनी माझ्यासाठी गाणं सोडलं. पण ताई, मुझे किसीने पूछा नहीं. माझ्या निकाहाला मला त्यांचं गाणं ऐकायचं होतं.”

तिनं पुढं विचारलं, लहानपणी अब्बा पाळण्याचं गाणं म्हणायचे, ते तुम्हाला येतं का?

मी ती अंगाई माइकशिवाय, तिच्यापुरती गायला लागले. समोर माणसं खुर्च्या एकात एक घालून नेत होती. दुसऱ्या ओळीत एक लांब जागा आहे. मूळ गाण्यात ती एका दमात जाते. आपांचा दम तिथं पुरायचा नाही, ते मध्येच थांबून श्वास घ्यायचे, आणि मी त्यांच्याकडूनच शिकले, म्हणून मीही तिथंच थांबते.

मी थांबले आणि नसरीननं माझा हात धरला.

“यहाँच,” ती म्हणाली. “यहाँच रुकते थे अब्बा.”

पुढचे शब्द माझ्या ओठांवर होते. पण तिनं हात सोडेपर्यंत मी पुढं गेले नाही.