तीर्थरूप मामांस

नातीच्या मराठीच्या पुस्तकात वडिलांच्या पत्राला 'प्रिय बाबा' असा मायना पाहिला आणि तोंड कडू झालं. आमच्या वेळी आईवडिलांना 'तीर्थरूप' लिहायचं, बाकी थोरांना 'तीर्थस्वरूप'. नागपूरला सातवीत असताना या फरकाने भर वर्गात माझी शोभा झाली.

मला बाप आठवत नाही. भिवापूरहून येऊन मिरचीच्या बाजारात पोती वाहणाऱ्या मामाने मला वाढवलं. घरगुती पत्र लिहायला सांगितल्यावर मी सरळ लिहिलं, 'तीर्थरूप मामांस'.

गुरुजींनी ते मोठ्याने वाचलं. "काय रे, तुला बाप किती?"

पोरं फिदीफिदी हसली.

"मले बाप नाही, गुरुजी. मामानंच वाढवलं."

"आधी 'मला' म्हण," गुरुजी म्हणाले आणि लाल शाईने माझं 'तीर्थरूप' खोडलं.

घराण्यात पहिला बी.ए. मी झालो. गुरुजींचे दोन्ही नियम बरोबर होते, हे मला आज नीट कळतं. तरी त्या माणसाला मी माफ केलेलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मामा आला. त्याच्या कपड्यांतल्या तिखटाने मला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. बरंच झालं.

"काय शिकवलं गा आज?"

"पत्र. तुले लिहिलं."

"मले?" मामाला अक्षरओळख नव्हती, तो हरखलाच. "काय म्हणून लिहिलं?"

"तीर्थस्वरूप."

त्याने तो शब्द पुटपुटून पाहिला. "भल्लाच मोठा हाय गा! एवढा मोठा त कोणी बापालेबी लिहीत नसन."