बोंबलांच्या वासावर सात दिवस

सात दिवसांची सायकल सफर मी एकदाही टेम्पोत न बसता पूर्ण केली आहे. बोईसरच्या आमच्या कॉलनीत याबद्दल माझा सत्कार झाला आणि 'जिद्द' हा शब्द माझ्या नावापुढे आयुष्यात प्रथमच उच्चारला गेला.

निघण्यापूर्वी बायकोने, म्हणजे वैशालीने, अट घातली होती. (आमच्या घरी ट्रेडमिल आहे. तिच्यावर चादरी वाळतात. त्यामुळे माझ्या व्यायामाविषयी तिची मतं ठाम आहेत.)

"टेम्पोत बसून आलात, तर सायकल भंगारवाल्याला!"

"अगं, सफरीसोबतचा टेम्पो अडचणीसाठीच असतो."

"तुमची अडचण पहिल्या चढालाच येते. रोज फोन करून विचारणार आहे मी."

आम्ही सातजण होतो. कॅप्टन पाटील सर. ते कारखान्यात सेफ्टी ऑफिसर असल्यामुळे गळ्यात शिट्टी आणि तोंडात सूचना. निघताना सायकलींना हार घातले, हळद-कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. पाहुण्यांनी प्रदूषणावर भाषण केलं. ते संपेपर्यंत त्यांच्या गाडीचं इंजिन चालूच होतं. मग झेंडा हलला, माझं चाक लिंबावरून घसरलं आणि सफरीचे पहिले चार फूट मी गुडघ्यांवर पार केले.

"टेम्पोत बसता का?" पाटील सरांनी लगेच विचारलं.

"नाही!" मी रस्त्यावरूनच ओरडलो.

पहिला टप्पा पाममार्गे तारापूरच्या किनाऱ्यापर्यंत. (माझा शेजारी या रस्त्याने रोज कामाला जातो. त्याचा सत्कार कोणी करत नाही.) कोळीवाड्याजवळ झाडलेली, सपाट जागा दिसली. शेजारी आडव्या बांबूंच्या लांबच लांब चौकटी उभ्या होत्या.

"पर्यटकांना कपडे वाळत घालायची काय सोय केलीय बघा!" पाटील सर गहिवरले.

आम्ही समुद्रात डुंबलो, तंबू ठोकले आणि ओले कपडे बांबूंवर पसरले. माझी सायकलची चड्डी मी हवेशीर म्हणून अगदी मधोमध टाकली.

सकाळी तंबूबाहेर आवाज आला.

"कोनाची हाय ही चड्डी?"

डोकं बाहेर काढलं. डोक्यावर बोंबलांच्या टोपल्या घेतलेल्या पाच-सहा बाया उभ्या होत्या. पुढच्या मावशींच्या हातात एक काठी आणि काठीच्या टोकाला माझी चड्डी.

"मावशी, ती... माझी."

"अरे, ही वलांडी हाय! बोंबील वालतात हितं. तुज्या घरी आमी येऊन देव्हाऱ्यात परकर वालत घालू काय?"

आम्ही सगळेच घाटावरचे. बोंबील वाळताना कोणी पाहिला होता? पाटील सर पुढे झाले. "क्षमस्व. आमचा एक प्रतिनिधी आपल्याला मदत करील," ते म्हणाले आणि शिट्टी फुंकून माझ्याकडे बोट दाखवलं.

मग दोन तास मी बोंबील वाळत घातले. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी बांबूवर टाकायची. माझ्या जोड्या सटासट सुटून माझ्याच अंगावर पडत.

"आरं, लगीन लावतोस का काडीमोड देतोस?" मावशी म्हणाल्या. सगळ्या बाया टोपल्या खाली ठेवून हसल्या.

शेवटी मात्र मावशी विरघळल्या. सुक्या बोंबलांचं भलंमोठं पुडकं त्यांनी माझ्या कॅरिअरला बांधलं. "बायकोला दे. तुला पोसते ती, तिचं काळीज मोठं हाय."

वाणगाव येईपर्यंत माझ्यामागे चार कुत्री आणि एक मांजर होतं. सफरीतला माझा सर्वाधिक वेग तिथेच नोंदला गेला. संध्याकाळी फोन वाजला. "टेम्पो?" "नाही." फोन बंद.

तिसऱ्या दिवशी जव्हारचा घाट लागला. दुसऱ्या वळणावर माझ्या मांड्यांनी राजीनामा दिला. सायकल गेली तर गेली, असं ठरवून मी टेम्पोला हात केला. ड्रायव्हर रामाशीषने काच दोन बोटं खाली घेतली आणि लगेच वर केली.

"साहब, शुद्ध शाकाहारी गाडी है!"

"पुडकं फेकतो!" मी काचेला तोंड लावून म्हणालो.

"पुड़का फेंक दोगे, लेकिन आपका क्या?"

मी स्वतःचा वास घेतला. रामाशीषचं बरोबर होतं. दोन तासांत मी आतून-बाहेरून बोंबील झालो होतो, आणि दोन आंघोळींनी फक्त ओला बोंबील झालो होतो. टेम्पो निघून गेला. उरला घाट, सायकल आणि मी. थोडा वेळ सायकल चालवली, बराच वेळ ढकलली, एकदा तर तिच्याशी भांडलो. पण वर पोहोचलो! पोहोचलो तेव्हा टेम्पोतून पाटील सर उतरत होते.

"पुढच्या रस्त्याची पाहणी करत होतो," ते म्हणाले.

उरलेल्या दिवसांत एकेकाने पाहणी केली. कोणाच्या पोटऱ्या दुखल्या, कोणाची साखळी. मी रोज एकदा आशेने टेम्पोकडे बघायचो आणि रामाशीष रोज काच वर करायचा.

सातव्या दिवशी बोईसरजवळच्या बेटेगावला बाकीचे सगळे टेम्पोतून उतरून सायकलींवर बसले आणि आम्ही दिमाखात कॉलनीत शिरलो. पाटील सरांनी माईक घेतला. "पूर्ण अंतर स्वतःच्या पायांवर कापणारा एकच वीर!" टाळ्यांचा कडकडाट! मी वीरासारखा हार घालून घेतला. हार घालणारे पाहुणे दोन पावलं मागे सरकले, तो मी आदर समजलो.

वैशालीने थेट रामाशीषलाच गाठलं. "खरंच नाही बसले?"

"कसम से, मैडम. मैंने बैठने ही नहीं दिया."

तिने माझ्याकडे पाहिलं, पुडक्याकडे पाहिलं, नाकाला पदर लावला आणि तिला सगळं समजलं. सायकल वाचली. बोंबलाची चटणी फर्मास झाली.

आता कॉलनीतले नवे सायकलस्वार सल्ला विचारायला येतात. मी गंभीर चेहऱ्याने सांगतो, "बोंबील हवेत." ते बिचारे रोज खातात आणि पहिल्याच चढाला टेम्पोत बसतात. बोंबील पोटात नाही, कॅरिअरवर हवेत, हे मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही.