पडवीतली मावशी

दाभोळच्या रस्त्यापासून आत असलेल्या एका वाडीत महिपत राहतो. माणूस शेतकरी, पण आसपासच्या गावांत त्याला ओळखायचे ते नमनाच्या लोकनाट्यातली मावशी म्हणून. शिमगा झाला की वाडीच्या मंडळाचे नमनाचे खेळ सुरू व्हायचे. गवळणींची बाजू घेऊन कृष्णाशी भांडायला मावशी, म्हणजे नऊवारी नेसलेला महिपत, पुढे आली की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मावशीचं बोलणं कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळं त्याच्या जिभेवर.

त्याच तोंडात, तंबाखू धरायच्या जागी, कॅन्सर निघाला. मुंबईला ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे शेक. दिवाळीच्या सुमारास तो घरी आला. रोग गेला असं डॉक्टर म्हणाले, पण उपचारांनी मागे बरंच काही ठेवलं. लाळ आटली, पाण्याची बाटली हातातून सुटेना. भात आणि माती एकाच चवीचे लागायचे. मानेची कातडी करपली होती. आणि जबडा धरला होता, तोंडात जेमतेम एक बोट जायचं.

"रोज ताणायचं," व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरा, हळूहळू वाढवा. आणि बोलत राहा. कंटाळा केलात तर तोंड असंच राहील."

त्याची बायको हौसा पेज गाळून द्यायची, मिरची न घालता नारळाच्या रसात कालवण करायची, गुळण्यांना मीठ-सोड्याचं पाणी तयार ठेवायची. पण काड्यांपुढे तिचं चालेना. दुखलं की तो त्या अंगणात भिरकावायचा.

मग विनोद यायला लागला. महिपतचा चुलतभाऊ, मंडळात गवळण व्हायचा. रोज संध्याकाळी पडवीत येऊन बसायचा.

"दादा, काड्या काढल्यास की लगेच मावशीचं बोलणं म्हण. तोंड सुटेल."

महिपत म्हणायचा. शब्द चावल्यासारखे बाहेर पडायचे, दर वाक्याला घोटभर पाणी लागायचं. विनोद मोबाइलवर ते रेकॉर्ड करून ठेवायचा. "मागच्या महिन्यात कसा बोलत होतास आणि आज कसा, ते तुझं तुलाच कळेल." महिपतला ते पटलं. संध्याकाळ कधी होते याची तो वाट बघायला लागला. जुनं सगळं म्हणून झालं तेव्हा नवीन सुचू लागलं. एकदा ओठ आवळूनच तो म्हणाला, "गो बायांनो, माझं तोंड दोनच बोटं उघडतं, म्हणून तर सासूने मला पहिल्याच बघण्यात पसंत केली." विनोद हसून लोळला. आत हौसाही हसली. घरात कितीतरी दिवसांनी कोणी हसलं होतं.

"यंदा खेळ करायचेत ना?" महिपतने विचारलं.

"तुझ्याशिवाय कसलं नमन? मंडळाने खेळ बंदच ठेवलेत यंदा. तू बरा हो."

चैत्रात मानेचं मलम आणायला महिपत दापोलीला गेला. एसटी स्टँडवर मुरुडकडचा एक म्हातारा शेजारी बसला. महिपतचं तोंड उपरण्यात गुंडाळलेलं. कोणत्या वाडीचा ते कळल्यावर म्हातारा खुलला.

"तुमचं नमन परवाच बघितलं आमच्याकडे. मावशी काय केलीय हो त्याने. तोंड मिटूनच बोलतो, असा." म्हाताऱ्याने ओठ आवळून दाखवले. "सासूने पहिल्याच बघण्यात पसंत केली म्हणे. हसून हसून पोट दुखलं."

महिपतने उपरणं खाली ओढलं. बाटलीतलं पाणी प्यायला गेला, ते गळ्यावर सांडलं.

घरी येऊन तो हौसासमोर उभा राहिला. "विनोद मावशी करतो, तुला म्हायत होतं?"

ती भाकरी थापायची थांबली. "होतं."

"कधीपासून?"

"शिमग्यापासून. अख्ख्या वाडीला म्हायत हाय." मग खाली बघून म्हणाली, "पण तो आला की तुम्ही तोंड उघडत होतात. माझ्यासमोर नाय उघडलंत कधी."

संध्याकाळी विनोद नेहमीसारखा आला. महिपतने त्याला पायरीवरच थांबवलं.

"खेळांच्या सुपाऱ्या आधीच घेतल्या होत्या, दादा," विनोद म्हणाला. "तुला कळलं असतं तर तू म्हणायचं सोडलं असतंस. जबडा परत धरला असता. मी तुझं वाईट केलं काय?"

"मावशी नेलीस ती नेलीस. मागितली असतीस तर मीच दिली असती," महिपत म्हणाला. "पण ते तोंड? ते माझं दुखणं होतं रे. त्याच्यावर हसायला लावलंस लोकांना."

"तूच हसायचास ना त्याच्यावर."

"घरात."

विनोद पायरी उतरून गेला.

त्यानंतर महिपतने काड्यांना हात लावला नाही. वैशाख संपेस्तोवर चमचा पुन्हा अडायला लागला, दात घासता येईनात. हौसा रडली, पाया पडली. शेवटी तो एकटा परसात जाऊन व्यायाम करायला लागला. तोंडातून फक्त "आ" काढायचा, दुसरा शब्द नाही. भुकेनेच त्याला परत बसवलं म्हणायचं.

आता तोंड तीन बोटं उघडतं. भाकरी कालवणात भिजवली तर जाते. लाळ पहिल्यासारखी कदाचित कधीच व्हायची नाही, हे त्याला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेही त्याने खोदून विचारल्यावर. त्या वेळी हौसाला त्याने बाहेरच बसवलं होतं. मंडळाने दोनदा बोलावलं, तो गेला नाही. भातलावणीला विनोद येतो, बांधापुरतं बोलणं होतं. लोक म्हणतात, त्याची मावशी झकास होते.

हौसा अजून पेज गाळते, गुळण्यांचं पाणी ठेवते. कोणी शेजारी येऊन तिच्याशी हळू आवाजात बोलून गेला, की महिपत आतून बाहेर येतो.

"काय बोलत होता?"

ती सांगते. तो तिच्या तोंडाकडे बघत राहतो, सगळं सांगितलं की नाही ते ताडत.