मायच्या जेवणाची शिफ्ट

न्यूमोनियातून उठून माय घरी आली तेव्हा तिचं वजन एकेचाळीस किलो होतं. दवाखान्यातून सुट्टी देताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, औषधाचं काम झालं, आता हिला खाऊ घाला. थंडी पडायच्या आधी चार-पाच किलो वाढायला पाहिजेत. याच अंगानं थंडीत गेली आणि छाती पुन्हा भरली, तर झेपणार नाही.

मग त्यांनी विचारलं, "आजारी पडण्याआधी जेवण कसं होतं?"

"व्यवस्थित," मी म्हणालो.

ते खोटं होतं, आणि मायच्या जेवणाबद्दल मी बोललेलं ते पहिलं खोटं नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर तसं लिहून घेतलं आणि मी मायला ऑटोत बसवून स्टील प्लान्टच्या क्वार्टरवर घेऊन आलो. पाऊस सरत आला होता. हातात अडीच-तीन महिने होते.

पहिले पंधरा दिवस आम्ही कोणीही करेल तेच केलं. म्हणजे चुकीचंच. बायको जवळच्या दुर्ग शहरात कचेरीत नोकरीला. ती सकाळी सातलाच सगळा स्वयंपाक करून ठेवायची. मी मायसमोर भरलेलं ताट मांडायचो. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात, वर एक केळं. माय ताटाकडे पाहायची आणि जेवण झाल्यासारखी मागे टेकायची.

"येवढं पाहूनच पोट भरते रे बाबू."

"खाल्ल्याशिवाय ताकद कशी येईल?"

"मंग तूच खा. तुले लय समजते ताकदीतलं."

मेडिकलमधून शक्तीच्या पावडरचा महागडा डबा आणला. तिनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि ग्लास कडीपत्त्याच्या कुंडीत रिकामा केला. कडीपत्ता तेवढा जोमात आला.

पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा दवाखान्यात आहार सांगणारी एक मुलगी भेटली, माझ्या पोरीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं मायला नाही, मलाच फैलावर घेतलं. म्हणाली, भूक लागायची वाट कावून पाहता? तिला भूक लागणारच नाही सध्या. घड्याळ पाहून द्या. थोडं थोडं, दर दोन-अडीच तासांनी. ताट नको, वाटी द्या. आणि त्या वाटीत ऐवज पाहिजे. पातळ वरणाची वाटी आणि तूप, दाण्याचा कूट घातलेल्या घट्ट वरणाची वाटी पोटात सारखीच जागा घेते. अंगाला लागतं ते दुसऱ्या वाटीतलं. जेवणाआधी पाणी, चहा देऊ नका, त्यानंच पोट फुगतं. तोंडाला चव नसेल तर लिंबू, आवळा, काहीतरी आंबट आधी जिभेवर ठेवा.

आज हे सगळं मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. भात दुधात शिजवायचा. उपम्यात दाणे सढळ हातानं टाकायचे. ज्वारीच्या आंबिलात ताकाऐवजी घट्ट दही फेटायचं. चिल्याच्या, म्हणजे इकडच्या धिरड्याच्या, पिठात उकडलेला बटाटा किसून घालायचा, म्हणजे मऊ होतो आणि दात नसले तरी जातो. दुधात दुधाचीच पावडर कालवायची, ती कुणाला कळत नाही. मायलाही कळली नाही. आमच्या गल्लीत आता कुणाच्या घरी म्हातारं माणूस जेवेनासं झालं की मला विचारायला येतात, आणि मीही न लाजता सांगतो.

पण तेव्हा मी हे सारं प्लान्टच्या माणसासारखं केलं. एकोणतीस वर्षं ए, बी, सी, म्हणजे सकाळ, दुपार, रात्र, अशा शिफ्टांत कंट्रोल रूममध्ये बसून दर तासाला लॉगबुक भरणारा माणूस मी. फ्रीजवर एक कागद चिकटवला. दिवसाचे सहा खाने: सकाळी सात, साडेनऊ, बारा, अडीच, पाच, साडेसात. खाल्लं की बरोबरची खूण, काय खाल्लं ते खाली.

मायनं कागद न्याहाळला. "मले फर्नेस समजून राहिला का तू?"

"फर्नेस बरी. ती टाकलं ते खाते."

"तिले तुयासारखे तीन शिफ्टचे नोकर आहेत म्हणून खाते."

पहिल्या आठवड्यात अर्धा किलो वाढलं. मेडिकलच्या काट्यावरून मायला उतरवताना मला वाटलं, जिंकलो. दुसऱ्या आठवड्यात ते अर्धा किलो गेलं. तिसऱ्यात थोडं आलं, चौथ्यात पुन्हा गेलं. माणसं तीच, वाट्या त्याच. मी बायकोवर चिडलो, तूप कमी पडत असेल म्हणून. तिनं फक्त तुपाचा डबा माझ्यासमोर आणून ठेवला. रिकामा होता.

पोरगी कॉलेजातून आली, फ्रीजमधून पाणी काढता काढता त्या कागदासमोर थांबली. ती मराठी बोलते, पण अर्ध्यात हिंदीवर घसरते.

"बाबा, ये देखो ना. तुम्ही बी शिफ्टला असता तेव्हा पाच आणि साडेसात, दोन्ही खाने खाली. ए शिफ्टला साडेनऊ आणि बारा वाजताचे खाली. आजी तुमच्या ड्युटीप्रमाणे खाते क्या?"

मी म्हणालो, "बघतो." बघण्यासारखं काही नव्हतं. मला ते आधीच माहीत होतं.

आमच्या मायचा एक नेम आहे. तसा तो वसाहतीच्या या सेक्टरमधल्या कितीतरी जुन्या बायकांचा होता. घरचा माणूस प्लान्टच्या गेटातून बाहेर पडून घरी पोचल्याशिवाय घास घ्यायचा नाही. भंडाऱ्याकडच्या शेतातून आलेल्या या बायकांनी आगीचं एवढं मोठं काम कधी पाहिलं नव्हतं. माझे वडील नोकरीला लागून वर्ष झालं असेल. दुपारी माय जेवायला बसली, पहिला घास हातात होता, आणि रस्त्यानं ॲम्ब्युलन्स ओरडत गेली. कुणासाठी गेली ते कधीच कळलं नाही. वडील त्या दिवशी दोन तास उशिरा आले, धडधाकट, हातात भाजीची पिशवी घेऊन. पण मायनं तो घास खाली ठेवला तो ठेवलाच. त्यानंतर वडिलांची जी शिफ्ट, तीच तिच्या पोटाची शिफ्ट. वडील गेले आणि तो नेम माझ्या नावावर चढला.

एक आठवडा दुपारी तीनला जेवण, पुढचा आठवडा रातपाळीनंतरची झोप झाल्यावर एकला, त्याच्या पुढे रात्री अकराला. पोटाला कळेनासं होतं कधी मागायचं ते. मग ते मागणंच सोडून देतं. तिची भूक आजारानं गेली असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो. आजारानं फक्त उरलेली नेली.

एवढ्यावर थांबलो तर दोष नेमावर जाईल. म्हणून पुढचं सांगतो.

मी कॅन्टीनमध्ये खाऊन यायचो. समोसे, कधी आलूगुंडा म्हणजे बटाटावडा, बी शिफ्टला तर दोस्तांसोबत पूर्ण जेवण. घरी माय माझ्यासाठी थांबली आहे हे मला ठाऊक असायचं. घरी आलो की हातपाय धुऊन पाटावर बसायचो, अर्धी पोळी तोडायचो आणि "बस, थकलो" म्हणून उठायचो. मी उठलो की मायही उठायची. मुलगा उठल्यावर आपण एकटीनं खात बसायचं हे तिला जमायचंच नाही. म्हणजे माझं पोट आधीच भरलेलं असायचं, आणि तेवढ्याच अर्ध्या पोळीवर तिचं जेवण संपायचं. हे काही दिवस नाही चाललं. वीस-बावीस वर्षं चाललं. बायकोनं लग्नानंतर लगेच हेरलं होतं. म्हणाली होती, "तुम्ही उठता तेव्हा आई पण उठतात. पाच मिनिटं बसत जा ना नुसतं." मी म्हणालो होतो, तिला नसेल खायचं.

आणि मी सांगून का टाकलं नाही, की माय, मी खाऊन येतो, तू थांबू नको? मला विसर पडला नव्हता. आपल्यासाठी कुणीतरी उपाशी बसलं आहे, याचं मला आतून बरं वाटायचं. हे लिहायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

त्या रविवारी मला सुट्टी होती. बायको नि पोरगी बाजाराला गेल्या होत्या. माय अंगणात ऊन खात बसली होती, आवळा चोखत. मी समोर स्टूल घेऊन बसलो.

"माय, एक सांगायचं आहे."

"नोकरी गेली का?"

"नाही."

"मंग तोंड कावून असं केलं?"

मी सांगितलं. समोसे, जेवण, अर्धी पोळी, सगळं. मला वाटलं होतं ती हसेल. किंवा म्हणेल, मले माहीत होतं. आयांना सगळं माहीत असतं असं आपण धरून चालतो, त्यात आपलीच सोय असते. मायला माहीत नव्हतं. तिनं आवळा तोंडातून काढला आणि माझ्याकडे पाहतच राहिली.

"मी इथं उपाशी बसून राहायची," ती म्हणाली, "अन् तू तिथं समोसे खाऊन राहिला होता?"

"हो."

"अन् माया हातची भाजी तोंडाले लावून सोडून द्यायचा. मले वाटे माया हाताची चवच गेली. दोन-दोन बार मीठ पाहायची मी."

हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या हिशेबात तिची भूकच होती, तिचा हात नव्हता.

"ऊठ इथून," ती म्हणाली. "माया उन्हात बसू नको."

दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी साडेपाचला तिनं पोरीला हाक मारली, "मले वाढ." आम्ही सगळे चमकलो. पोरीनं वाटी आणली. माय म्हणाली, "वाटी नको, ताटली आण." मी दारात उभा होतो. मी जेवलो नव्हतो, आणि ते तिला दिसत होतं. माझ्याकडे पाहत पाहत तिनं घट्ट वरणभात आणि दाण्याची चटणी शेवटच्या शितापर्यंत खाल्ली. मग बोटं चाटून म्हणाली, "आता तू थांब."

मी थांबलो. रात्री नऊपर्यंत थांबलो. बायको गालातल्या गालात हसत होती.

रागावर एक आठवडा निघाला. त्यानंतरच्या सोमवारपासून मला बी शिफ्ट होती, आणि राग ओसरल्यावर भीती परत आली. ती त्या कागदापेक्षा जुनी होती. मंगळवारी पोरीचा फोन आला: आजी नाही म्हणते, वाटी समोर धरून बसली आहे, सारखी रस्त्याकडे पाहते. मी कॅन्टीनमध्ये होतो. हातात समोसा होता.

"फोन दे तिला," मी म्हणालो. "माय, मी कॅन्टीनमध्ये आहे. बरा आहे. समोसा खाऊन राहिलो."

तिनं विचारलं, "कायचा आहे?"

"आलूचाच. वाटाणे पण आहेत. मिरची जास्त झाली."

"तुले झेपत नाही मिरची. चटणी घेऊ नको."

"नाही घेत. तू काय खाऊन राहिली?"

"शिरा आहे म्हणते थे पोरगी."

"मग खा. मी ऐकतो."

आजूबाजूचे दोस्त हसत होते. मी फोन कानाला लावून ऐकत राहिलो. चमचा वाटीवर वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. वाटी संपेपर्यंत माझा समोसाही संपला. जे इतकी वर्षं लपवलं तेच आता रोज तपशिलानं सांगायचं होतं. ए शिफ्टला सकाळी साडेनऊला आणि बाराला, बी शिफ्टला पाचला आणि साडेसातला. मी काय खातो ते तिला खरंखरं सांगायचं, आणि तिनं खायचं. खोटं बोललो की तिला आवाजावरून कळायला लागलं. एकदा नुसता चहा घेऊन "भजी खाल्ली" म्हणालो, तर म्हणाली, "चावल्याचा आवाज आला नाही." आणि चमचा खाली ठेवला. मला भजी मागवावी लागली.

कागदावरचे खाने भरत गेले. एकेचाळीसचे साडेबेचाळीस झाले, मग चव्वेचाळीस. स्वेटर पेटीतून निघाले तेव्हा मेडिकलच्या काट्यावर सेहेचाळीसला काटा थोडा हलला आणि थांबला. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती तपासली, साफ होती. मी म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, आधी जेवण कसं होतं. मी चूक सांगितलं. ती बरीच वर्षं अर्धपोटी होती." त्यांनी मान वर केली, मायकडे पाहिलं. माय म्हणाली, "लिवून घ्या साहेब. याच्यामुळे." डॉक्टरांनी खरंच काहीतरी लिहिलं.

थंडी कडाक्याची पडली. जानेवारीत एकदा बी शिफ्टला आमच्याकडे ब्रेकडाऊन झाला. फोन लॉकरमध्ये, मी खाली पाइपांत अडकलेला. पाचची वेळ गेली, साडेसातची गेली. बाहेर आलो तेव्हा सव्वाआठ झाले होते. हात काळे, तसाच फोन लावला. मनात आलं, आज ती वाटी तशीच धरून बसली असेल, कान रस्त्याकडे लावून.

माय लगेच बोलली. "होय, सांग."

"माय, बरा आहे मी. काम निघालं होतं. तू—"

"मी कवाच जेवली. दोन्ही टाइमचं." मागे टीव्ही चालू होता. "तू काय खाल्लं ते सांग."

"अजून काहीच नाही."

"मंग जा, पहिले खा," ती म्हणाली. "फोन चालूच ठेव. मी ऐकून राहिली."