बाहेरची कडी

गल्लीतल्या बायका नोकऱ्यांना जाऊ लागल्या आणि राजवाड्यामागचं आमचं पाळणाघर अपुरं पडायला लागलं. वाढीव सरकारी अनुदानासाठी अर्ज केला, तेव्हापासून बालकल्याण खात्यातले एक अधिकारी तपासणीला यायचे. आमच्यातलेच, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी घरातले, घरची मराठी तमिळ हेल काढून बोलायचे. चपला बाहेर काढायचे, उकिडवे बसायचे आणि मुलांच्या उंचीवरून खोली न्याहाळायचे. त्यांच्यासमोर रडकी मुलंसुद्धा गप्प व्हायची.

मुलं रस्त्यावर जाऊ नयेत म्हणून दुपारी झोपायच्या खोलीला आम्ही बाहेरून कडी घालायचो. पहिल्याच भेटीत ते त्या रिकाम्या खोलीत शिरले. म्हणाले, "अक्का, कडी घाला." मी घातली. आतून काहीच आवाज येईना. घाबरून उघडलं, तर दाराशी गुडघे पोटाशी घेऊन बसलेले.

"हाका मारत होतो," ते शांतपणे म्हणाले.

मी दाराला टेकूनच उभी होते.

त्यांच्या शिफारशीनं सुधारणेचं अनुदान आलं. त्या जाड भिंतीत, मुलांच्या उंचीवर, आवाज बाहेर यावा म्हणून खिडकी बसवली. ती बघायला आले तेव्हा म्हणाले, "आता तुम्ही आत बसा."

बाहेरून कडी लागली. मी हाक मारली. मग ओरडले. खिडकीतून त्यांचे अनवाणी पाय दिसत होते. ते हलले नाहीत. माझा घसा बसला, तेव्हा कुठे दार उघडलं.

"ऐकू नाही आलं?"

"पहिल्याच हाकेला आलं."

"मग?"

त्यांनी कडीवर बोट ठेवलं.

"ऐकून उभे राहणारेही असतात, अक्का. कडी काढून टाका."